सेफ क्लस्टरमधली जागा मोजताना

छत्रपती संभाजीनगरात आमच्या संस्थेत निजामकाळातली कागदपत्रं स्कॅन होतात. मोडी, उर्दू, फारसी. काही पानं इतकी जीर्ण की ती पुन्हा स्कॅनरखाली ठेवता येणार नाहीत. ऐन कामात जागा संपून लिहिणं थांबलं, असं होऊ द्यायचं नाही, म्हणून क्लस्टरवर नजर ठेवायचं काम मी मागून घेतलं. क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर; त्यांच्या डिस्क मिळून एकच मोठा साठा करणारं सॉफ्टवेअर म्हणजे सेफ (Ceph).

ए-४ पान ६०० डीपीआयला, रंगीत आणि कॉम्प्रेस न करता साठवलं की फाइल साधारण १०० एमबीची होते. सेफ तिच्या तीन प्रती ठेवतं, म्हणजे ३०० एमबी. आमच्याकडे तीन सर्व्हर, प्रत्येकात चार सारख्या डिस्क, आणि प्रत्येक सर्व्हरवर एकेक प्रत. जायकवाडीचा एकूण साठा १०२ टीएमसी असला तरी उपयुक्त साठा ७६ च्या आसपास, हे इथे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. डिस्कवर छापलेल्या टीबींची बेरीज करताना तेच भान लागतं.

सुरुवातीला ‘सेफ डीएफ’ ही कमांड सगळ्या क्लस्टरचा मिळून ४८ टक्के वापर दाखवत होती. स्कॅनिंगवरची ताई म्हणाली, “दादा, अर्ध्याहून जास्त रिकामं दिसायलंय की!” मग डिस्कवार वापर सांगणारी ‘सेफ ओएसडी डीएफ’ चालवून तिला दाखवलं: एक डिस्क ५७ वर, दुसरी ४१ वर. कुठला तुकडा कुठे ठेवायचा हे क्रश अल्गोरिदम गणिताने ठरवतं, त्यामुळे वाटणी तंतोतंत सारखी होत नाही. आणि क्लस्टर अडतं ते सगळ्यात भरलेल्या डिस्कपाशी. मूळ सेटिंगमध्ये ८५ टक्क्यांना इशारा येतो, ९० ला त्या डिस्कवर बॅकफिल, म्हणजे दुसरीकडचा डेटा तिच्यावर आणून भरणं, थांबतं, ९५ ला लिहिणं बंद. डिस्कमधली वाटणी सारखी करणारा सेफचा बॅलन्सर ‘अपमॅप’ मोडवर चालू केला, तेव्हा फरक दोन-तीन टक्क्यांवर आला.

खरं शिकवलं ते चाचणीने. एक डिस्क मुद्दाम बंद केली. दहा मिनिटांनी सेफने ती बाद धरली आणि तिचा डेटा पुन्हा उभा करायला घेतला. पण कुठे? त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर, कारण बाकी दोन सर्व्हरवर त्या डेटाची एकेक प्रत आधीच होती. ४८ वरच्या डिस्क ६४ वर गेल्या. हाच हिशेब ७० टक्क्यांवर केला तर चारचा भार तिघींवर येऊन ९३ होतात. म्हणजे दुरुस्ती मध्येच अडकणार. ६० वर असताना ८० होतात, ते चालतं. ८५ च्या इशाऱ्याची वाट बघणं आमच्यासारख्या छोट्या क्लस्टरला परवडणारं नाही, असं माझं ठाम मत झालं.

म्हणून प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरीऐवजी प्रत्येक डिस्कवर नियम लावला: कुठलीही ६० च्या वर गेली की टेलिग्रामवर मेसेज. शिवाय त्यातल्याच ‘प्रेडिक्ट लिनिअर’ या फंक्शनने, सध्याच्या वेगाने ती मर्यादा कधी गाठू याचा अंदाज. नवी डिस्क मागवायला कोटेशन, मंजुरी, पुरवठा यांत वेळ जातो; तेवढी उसंत या अंदाजातून मिळते.

आता उरलाय चौथ्या सर्व्हरचा प्रश्न. तिघांतला एक अख्खा गेला, तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही. तो परत येईपर्यंत दोनच प्रतींवर भागवावं लागेल. हा हिशेब कागदावर मांडून मी समितीपुढे ठेवलाय.