विंडस्क्रीन लावली, मग हेल्मेट आधीपेक्षा जास्त का हलतंय?

बाईकला आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून वेगळी घेतलेली, विंडस्क्रीन लावलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. छातीवरचा वारा गेला, पण डोकं आधीपेक्षा जास्त हलायला लागलं, हेल्मेट गदागदा हलतं, आवाज वाढला आणि तासाभरात मान धरते. मग तो म्हणतो स्क्रीन छोटी पडली, अजून उंच घेऊ, आणि उंच घेतली की अजून वैताग. माझं मत विचाराल तर नुसता वारा लागणं हा त्रासच नाही. नेकेड बाईकवर, म्हणजे पुढं स्क्रीन किंवा आवरण नसलेल्या बाईकवर, वारा जोरात लागतो पण एकसारखा लागतो, त्याच्यावर रेलून आरामात चालवता येतं. खरा त्रास स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा आहे, ते सेकंदाला कितीतरी वेळा इकडून तिकडून ढकलतात, आणि ते तुमच्या हेल्मेटवर नेमके कुठं आपटतात यावर स्क्रीन चांगली की वाईट ते ठरतं. म्हणजे तीच स्क्रीन, तीच बाईक, पण चालवणारा पाच फूट चार इंच असेल तर खूश आणि सहा फुटी असेल तर शिव्या घालणार. म्हणून ऑनलाईन रिव्ह्यू वाचताना आधी रिव्ह्यू लिहिणाऱ्याची उंची शोधा, स्टार नंतर मोजा.

थोडं गणित सांगतो, कंटाळवाणं नाहीये. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून १२० ला गेलात की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. साधारण ४० सेमी रुंद आणि ३५ सेमी उंच स्क्रीन धरली तर ताशी १०० किमीला तिच्यावर ढोबळमानाने सहा-साडेसहा किलोइतका जोर सतत पडत असतो, आणि त्यात समोरून ताशी ४० चा वारा सुटला असेल तर तोच जोर जवळजवळ दुप्पट, स्पीडोमीटर मात्र १०० च दाखवतोय. हे सगळं चार बारके स्क्रू आणि दोन ब्रॅकेट झेलतात. आता ही अडवलेली हवा जाते कुठं, तर वरच्या कडेवरून आणि दोन्ही बाजूंनी निघते, आणि स्क्रीनच्या मागं दाब कमी झालेला असतो म्हणून लगेच आत वळते, नदीत खडकामागं पाणी गरगरतं तसं. उंच स्क्रीनवाल्यांना कधीकधी पाठीवर हात ठेवून कोणीतरी पुढं ढकलतंय असं वाटतं ना, ते भूत नाही, मागची हवा ती रिकामी जागा भरायला पुढं येते.

काही विकत घ्यायच्या आधी, आहे त्या बाईकवर आहे त्या स्क्रीनसह एक साधी टेस्ट करा. ओळखीचा, सरळ, रिकामा रस्ता बघा आणि नेहमीच्या क्रूझिंग स्पीडला आधी मान-खांदे थोडे खाली न्या, मग फूटपेगवर जोर देऊन सीटवरून जरासे उठा. खाली वाकल्यावर शांत झालं तर तुम्हाला थोडी उंच स्क्रीन किंवा वर एक छोटी लिप (वरच्या कडेला जोडायची पट्टी) चालेल. उठल्यावर, डोकं मोकळ्या वाऱ्यात गेल्यावर शांत झालं, तर गंमत म्हणजे तुम्हाला अजून छोटी स्क्रीन पाहिजे. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण छोट्या स्क्रीनने छातीवरचा दाब जातो आणि हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात राहतं, बऱ्याच जणांना एवढंच पुरतं. मोटो गुझीने १९५० च्या दशकात खास मोटरसायकलींसाठी स्वतःच्या कारखान्यात विंड टनेल (कृत्रिम वारा सोडून हवेचा प्रवाह तपासायचा बोगदा) बांधला होता, आणि १९७६ ला आलेल्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसचं फेअरिंग (पुढचं आवरण) पिनिनफारिना या इटालियन डिझाईन कंपनीच्या विंड टनेलमध्ये घडवलं गेलं. आपल्याला लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे पुरतात. स्क्रीनच्या आतून, टाकीवर, हेल्मेटच्या वरच्या भागावर टेपने चिकटवा आणि दुसऱ्या गाडीत बसलेल्या मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. धागा सरळ मागं उडतोय तिथं हवा नीट वाहतेय, वेड्यासारखा गोल फिरतोय किंवा उलटा पुढं येतोय तिथं भोवरा. स्वतः चालवताना धागे बघत बसू नका, प्लीज.

उंचीचं म्हणाल तर नियम सोपा आहे, स्क्रीनच्या वरून बघायचं, आरपार नाही. कार ठीक आहे, तिला वायपर असतो. बाईकच्या स्क्रीनवर पाऊस पडला, त्यात रात्र, त्यात समोरून येणाऱ्या गाडीची हाय बीम, की प्रत्येक थेंब चमकतो आणि रस्ता गायब होतो. त्यात किडे, ओरखडे आणि काचेच्या बाकामुळे होणारी वेडीवाकडी नजर. म्हणून वरची कड तुमच्या नजरेच्या रेषेच्या निदान चार-पाच सेमी खाली पाहिजे. मोजायचं तर जॅकेट, हेल्मेट सगळं घालून, जसे दोन तास चालवल्यावर बसता तसे बसा, म्हणजे थोडी पाठ वाकवून, शोरूममध्ये फोटोला बसल्यासारखं ताठ नाही. कोणालातरी बाईक सरळ धरायला सांगा, पुढं १५-२० मीटरवर रस्त्यावर एखादी खूण ठेवा आणि स्क्रीनच्या जागी पुठ्ठा कापून टेपने लावा. खूण पुठ्ठ्याच्या वरून आरामात दिसली पाहिजे. हा पुठ्ठा टाकून देऊ नका, स्क्रीन निवडताना त्याच्याशीच तुलना करायची आहे, नुसती कॅटलॉगमधली उंची बघून काही कळत नाही कारण स्क्रीन किती कललेली बसते त्यावर सगळं बदलतं. उभी लावली की हवा जास्त वर फेकते, मागं झुकवली की हवा हळूच सरकून जाते.

एक गोष्ट फार कमी लोक करून बघतात, ती म्हणजे स्क्रीनच्या खाली फट सोडणं. हेडलाईट आणि स्क्रीनच्या मध्ये, किंवा स्क्रीन आणि तिच्यामागच्या प्लास्टिकमध्ये, सेंटीमीटरभर जागा राहिली तर खालून थोडी हवा आत येते, मागचा कमी झालेला दाब भरून निघतो आणि वरून आत कोसळणारी हवा शांत होते. त्यासाठी नवीन स्क्रीन लागत नाही, १० मिमीचे स्पेसर (मध्ये अंतर ठेवणाऱ्या छोट्या नळ्या) आणि तेवढेच जास्त लांब स्क्रू लागतात. ज्यांना उंच स्क्रीनच ठेवायचीये त्यांनी आधी हे करून बघावं असं मी ठामपणे म्हणेन. छातीवर थोडा वारा येईल, तो येऊ द्या.

मटेरियल दोनच बघायचे. ॲक्रिलिक सहज ओरखडत नाही, उन्हात वर्षानुवर्षं स्वच्छ पारदर्शक राहतं, पण दगड बसला की तडकतं. पॉलीकार्बोनेट मार खायला दणकट, पण मऊ, म्हणून त्याच्यावर हार्ड कोटिंग पाहिजेच आणि यूव्ही कोटिंग नसेल तर उन्हात पिवळं पडतं. दोघांचा शत्रू एकच, केमिकल. पेट्रोल, ब्रेक ऑईल, चेन क्लीनर, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लागू देऊ नका. आणि स्क्रू सुटू नये म्हणून आपण जो थ्रेडलॉकर लावतो ना, तो तर अजिबात नाही. स्क्रूच्या भोकाजवळ प्लास्टिक आधीच ताणाखाली असतं, त्यात ते लिक्विड झिरपलं की केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा उमटतात, भोकापासून चारी बाजूंना किरणांसारख्या, आणि मग एखाद्या दिवशी मोठ्या खड्ड्यात टक्क, तडकलीच. सुटण्याची भीती असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) वापरा.

आता प्रत्यक्ष बसवणं. बहुतेक स्क्रीनच्या किटमध्ये रबरी वेलनट येतात, म्हणजे रबराची बारीक बाटली आणि आत पितळेचा नट. हा भोकात ढकलायचा आणि समोरून स्क्रू फिरवायचा, स्क्रू आवळला की पितळ पुढं ओढलं जातं आणि रबर पत्र्याच्या मागं फुगून पकड घेतं. खूप हुशार वस्तू आहे, शिवाय व्हायब्रेशन पण खाते. पण तिच्याशी दादागिरी चालत नाही. एम ५ च्या (५ मिमी जाड) स्क्रूला अॅलन की, म्हणजे एल आकाराची षटकोनी चावी, लांब टोकाने धरून आवळलात की आतलं पितळ रबरातून सुटतं आणि मग स्क्रू नुसता फिरत राहतो, ना घट्ट होतो ना निघतो. अॅलन कीचं छोटं टोक दोन बोटांत धरायचं, रबर फुगल्याचं जाणवलं की अर्धा फेरा अजून, बस. धातूचा वायसर थेट काचेला लागू द्यायचा नाही, मध्ये नायलॉन किंवा रबर पाहिजे. आणि चारही स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्या, स्क्रीन मधोमध आहे का ते दूर उभं राहून बघा, मग तिरके-तिरके करत थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की दुसऱ्या बाजूचं भोक जुळत नाही आणि मग माणूस स्क्रीन वाकवून बसवायला जातो. वाकवून बसवलेली स्क्रीन कायम ताणात राहते, ती कधीतरी तडकणारच.

भोक पाडायची वेळ आलीच तर घाई घरी ठेवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, खाली लाकडाची फळी घट्ट दाबून, ड्रिल सगळ्यात कमी स्पीडला, आणि जोर जवळजवळ नाहीच. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारं) असेल तर सोन्याहून पिवळं, कारण साधं ड्रिल आरपार जाताना शेवटच्या क्षणी काच पकडून झटका देतं आणि कोपरा उडतो. भोक स्क्रूपेक्षा एक-दोन मिमी मोठं पाहिजे. ५० सेमीचं ॲक्रिलिक तापमानात ३० अंशांचा फरक पडला की जवळजवळ एक मिमी वाढतं, सकाळी थंडीत चपखल बसलेली स्क्रीन दुपारच्या उन्हात कुठंतरी सरकायला जागा मागणार. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, बारीक चीर राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो.

हँडलवर क्लॅम्पने लावायची की फ्रेमवर, यात मी फ्रेमवाल्यांच्या बाजूने आहे. हँडलवर लावलेल्या मोठ्या स्क्रीनवर वारा जो जोर लावतो तो सरळ स्टेअरिंगमध्ये जातो, ट्रकच्या बाजूने निघताना किंवा आडव्या वाऱ्यात बाईक डुलायला लागते, हलक्या बाईकवर तर जास्तच. हेडलाईटवरची छोटी फ्लायस्क्रीन असेल तर हँडलवर काही बिघडत नाही. क्लॅम्प घेताना हँडलचा व्यास व्हर्निअरने मोजा, २२ मिमी, २५.४ मिमी आणि फॅट बारचा (मध्ये जाड असलेल्या हँडलचा) मधला २८.६ मिमी हे नेहमीचे, आणि फॅट बार बाजूंना निमुळता होत जातो त्या उतारावर कुठलाच क्लॅम्प टिकत नाही. गोल हेडलाईटच्या बोल्टवर ब्रॅकेट येणार असेल तर बोल्ट सैल करायच्या आधी हेडलाईटच्या पोझिशनवर टेपची खूण करा, नाहीतर नंतर बीम झाडांवर पडते आणि समोरचे लोक डिपर मारत राहतात.

सगळं लागलं की मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम जरासुद्धा वाढला तर थ्रॉटल केबल कुठंतरी ताणतेय, तशी बाईक रस्त्यावर काढायची नाही. क्लच आणि फ्रंट ब्रेक दोन्ही टोकांना दाबून बघा, ब्रेकची नळी ब्रॅकेटच्या कडेला घासत नाहीये ना, हॉर्न आपोआप वाजत नाहीये ना, स्क्रीनचा कोपरा टाकीला किंवा तुमच्या बोटांना लागत नाहीये ना. पहिली राईड हळूहळू स्पीड वाढवत, आणि ठराविक आरपीएमला स्क्रीन थरथरत असेल तर स्क्रू अजून आवळू नका, ब्रॅकेटखाली रबर घाला.

आणि आवाजाची फार मोठी अपेक्षा ठेवू नका. हायवे स्पीडला हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, स्क्रीन कितीही चांगली असली तरी लांबच्या राईडला इअरप्लग घालाच. उन्हाळ्यात उलटा प्रॉब्लेम, जॅकेटच्या व्हेंटला वाराच मिळत नाही आणि माणूस आत शिजतो, त्यामुळे पटकन काढता येणारी किंवा खाली करता येणारी स्क्रीन मिळत असेल तर तीच घ्या. किडे चिकटले की ओला फडका दहा-पंधरा मिनिटं वर घालून ठेवायचा, मग साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने पुसायचं. पेट्रोल पंपावरच्या फडक्याला हात पण लावू नका, त्यात काय काय असतं ते त्यालाच माहीत, आणि हार्ड कोटिंगवर एकदा गोल गोल ओरखडे पडले की पॉलिशने ते जात नाहीत, उलट कोटिंग जातं.