पुस्तक मिटून आठवताना

सोमवार

स्मरणशक्तीवरच्या पुस्तकांचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटाला आठवण म्हणजे कपाट वाटतं: नीट रचलं की हवं ते सापडतं, सापडलं नाही तर रचणाऱ्याची चूक. दुसऱ्या गटाच्या लेखी आठवणं ही एक कृती आहे आणि ती केली की आठवण होती तशी राहत नाही. पुरावा दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. पण त्यातली पुस्तकंही बहुधा अर्धीच गोष्ट सांगतात. एकात लिहिलेलं असतं की आठवल्याने आठवण पक्की होते, दुसऱ्यात लिहिलेलं असतं की आठवल्याने ती बिघडते. हे दोन्ही एकाच कृतीचे परिणाम आहेत, आणि ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली तरच ते ध्यानात येतं. म्हणून या आठवड्यात ती तशीच पुन्हा काढली आहेत.

मंगळवार

सुरुवात जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसपासून करावी. त्याचं १८८५ सालचं पुस्तक लहान आहे आणि प्रयोग नेमका कसा केला ते त्यात बारकाईने दिलेलं आहे. व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीचे सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट त्याने तयार केले. पाठ करणारा तो एकटाच. तेरा अक्षरगटांची एक मालिका, अशा आठ मालिका, मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत वाचायच्या. न चुकता दोनदा म्हणता आल्या की थांबायचं. ठरलेलं अंतर गेलं की त्याच मालिका पुन्हा पाठ करायच्या आणि या खेपेला किती वेळ कमी लागला ते मोजायचं. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, तासाने ४४, दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, एकतीस दिवसांनी २१.

हेच आकडे लोकप्रिय पुस्तकांत ‘माणूस एका दिवसात ६६ टक्के विसरतो’ असे होऊन येतात आणि ते साफ चुकीचं आहे. एबिंगहाउस आठवलेले अक्षरगट मोजत नव्हता, बचत झालेले श्रम मोजत होता. पहिल्यांदा १,००० सेकंद लागले असतील तर दुसऱ्या दिवशी ६६० सेकंदांत काम झालं, एवढाच ३४ टक्क्यांचा अर्थ. ज्याला एकही अक्षरगट आपणहून सांगता येत नाही, त्याचीही बचत बरीच निघू शकते. ‘सगळं विसरलो’ म्हणणाऱ्याला तोच विषय दुसऱ्यांदा लवकर का येतो, याचं उत्तर इथे आहे. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे घसरणीचा आकार: पहिल्या तासात जेवढं जातं तेवढं पुढच्या अख्ख्या महिन्यातही जात नाही.

पुस्तक विकत घेण्याआधी करायची एक चाचणी. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ असा तक्ता आत दिसला तर बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहावं. या टक्क्यांमागे प्रयोग नाही. ज्या एडगर डेलच्या नावावर ते खपवले जातात, त्याच्या १९४६ सालच्या ‘अनुभवांचा शंकू’ या आकृतीत टक्के मुळात नव्हतेच.

बुधवार

पक्कं होण्याची बाजू. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग साधा आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं: ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६.

सर्वांत महत्त्वाचा आकडा पहिला आहे, कारण माणसं पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय का सोडत नाहीत ते त्यात दिसतं. वाचून लगेच स्वतःला तपासलं तर वाचणंच सरस ठरतं. ओळखीच्या ओळींवरून डोळे झरझर सरकतात आणि ती सहजता आपल्याला येतंय असं भासवते. समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं, समोर काही नसताना सांगता येणं वेगळं.

रोएडिगर, मार्क मॅकडॅनिएल आणि पीटर ब्राउन यांचं ‘मेक इट स्टिक’ (२०१४) याच विषयावरचं आहे. त्यात पुनरुक्ती फार, अशी तक्रार ऐकू येते. ती पुनरुक्ती ठरवून केलेली आहे. मुद्दे अंतर ठेवून परत आणायचे आणि एकमेकांत मिसळायचे, हे लेखकांनी आरंभीच सांगितलं आहे. परत आलेला मुद्दा वाचण्याआधी क्षणभर थांबून तो आपणच सांगून पाहिला तर पुस्तक दुप्पट उपयोगी पडतं.

गुरुवार

आता बिघडण्याची बाजू, आणि इथे रेंगाळायला हवं.

फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालच्या पुस्तकातल्या प्रयोगात केंब्रिजमधल्या लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची कथा वाचायला दिली. दोनदा वाचायची, पंधरा मिनिटांनी आठवून लिहायची आणि मग आठवडे, महिने, क्वचित वर्षं गेल्यावर पुन्हा लिहायची. कथा आखूड झाली, भुतं गळाली, कनूची (अरुंद, वल्ह्यांच्या नावेची) साधी होडी झाली, सील मारायला गेलेले तरुण मासे धरायला गेले. जे अनोळखी होतं ते वाचणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसलं. एवढं सगळेच सांगतात. बार्टलेटचं दुसरं निरीक्षण मात्र सहसा सुटतं: एकाच माणसाने पुन्हा पुन्हा लिहिलेल्या कथेत पहिल्या खेपेची घडण चिवटपणे टिकून राहते. म्हणजे पहिल्यांदा जसं आठवलं तसंच पुढे आठवत जातं, चुकीसकट.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘जोरात आदळल्या’ असं म्हटलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, ‘एकमेकींना लागल्या’ म्हटलं तेव्हा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. फितीत काच फुटलेली नव्हतीच. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. नुसत्या एका क्रियापदाने आठवणीत काच आणली.

याचं शरीरातलं कारण शोधण्यातला मोठा टप्पा म्हणजे करीम नादर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा उंदरांवरचा प्रयोग. एका सुरासोबत झटका बसतो हे शिकलेल्या उंदरांना तो सूर पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला भागात प्रथिननिर्मिती रोखणारं औषध टोचलं. पुढे त्यांची भीती ओसरलेली दिसली. सूर न ऐकवता औषध दिलं तर परिणाम नाही. सूर ऐकवून सहा तासांनी दिलं तरीही नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही तास कच्ची असते आणि तिला पुन्हा मुरावं लागतं. यावरून ‘नकोशा आठवणी पुसा’ अशी प्रकरणं लिहिणाऱ्या पुस्तकांनी फार लांब उडी मारली आहे. उंदराची सुराबद्दलची भीती आणि माणसाची गुंतागुंतीची आठवण यांत बरंच अंतर आहे.

बुधवारचं आणि आजचं एकत्र ठेवलं की निष्कर्ष उघड आहे. पुस्तक मिटून आठवल्याने जे मनात येतं ते पक्कं होतं. बरोबर आलं तर बरोबर, चुकीचं आलं तर चुकीचं. त्यामुळे मिटून आठवणं आणि लगेच मूळ पान पाहणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत. दुसरं वगळून पहिलं करण्यात धोका आहे.

शुक्रवार

जागांच्या आधाराने लक्षात ठेवण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. तिचा इतिहास फ्रान्सिस येट्सच्या १९६६ सालच्या ग्रंथात आहे. ओळखीच्या घरातल्या जागा ठरलेल्या क्रमाने मनात घ्यायच्या आणि प्रत्येक जागी लक्षात ठेवायच्या गोष्टीचं एक चित्र ठेवायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथातले नियम अजून लागू आहेत: जागा एकमेकींसारख्या नसाव्यात, फार उजेडात वा अंधारात नसाव्यात, त्यांच्यात सुमारे तीस फूट अंतर असावं, दर पाचव्या जागेवर खूण असावी. चुकतं ते बहुधा इथेच. एकसारख्या दोन खिडक्या घेतल्या की चित्रांची अदलाबदल होते. कालची चित्रं असलेल्या घरात आजची ठेवली की दोन्ही मिसळतात, म्हणून दोन-तीन घरं आळीपाळीने वापरावीत.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरियाने एका पुस्तकात वर्णन केलेला सॉलोमन शेरेशेव्स्की मनातल्या रस्त्यावर अशीच चित्रं मांडत असे. पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलेलं अंडं त्याच्याकडून सुटलं, कारण ते दिसलंच नाही. पुढे तो वस्तू मोठ्या करू लागला आणि त्यांच्यावर दिव्याचा उजेड पाडू लागला. या माणसाला विसरणं जमत नसे आणि त्याचा त्रास त्या पुस्तकात पानोपानी आहे: वाक्यातला प्रत्येक शब्द स्वतंत्र चित्र उभं करी आणि अर्थ हाती येईना. विसराला शत्रू मानणाऱ्या प्रत्येकाने हे छोटं पुस्तक वाचावं.

जोशुआ फोअरने या पद्धतीने २००६ साली अमेरिकेची स्मरणस्पर्धा जिंकली, ५२ पत्त्यांचा क्रम १ मिनिट ४० सेकंदांत पाठ करून. त्याच्या पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक जागा वेगळीच आहे. स्पर्धेनंतर काही दिवसांनी तो गाडी घेऊन जेवायला गेला आणि गाडी विसरून भुयारी रेल्वेने घरी परतला. पद्धत ज्या यादीवर लावाल त्या यादीपुरती.

रविवार

धडा वाचताना करायचं काम, वरचं सगळं धरून.

एका बैठकीत एकच धडा, दहा-पंधरा पानांचा. वाचताना खुणा कमी, कारण खूण केली की काम झाल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करावं, म्हणजे नुकतंच पाहिलेलं ओसरतं. मग कोऱ्या कागदावर काळ्या शाईने मुद्दे, नावं, आकडे, आणि मुख्य म्हणजे एक मुद्दा दुसऱ्याला कसा जोडलेला आहे ते लिहावं. अडल्यावर लगेच पान उघडू नये, एक-दोन मिनिटं झगडावं. ते झगडणंच उपयोगाचं असतं. मग पुस्तक उघडून लाल शाईने दुरुस्ती करावी. सुटलेलं नुसतं समासात लिहिलं तरी चालतं. चुकीचं लिहिलेलं मात्र खोडून त्याच्याच वर बरोबर लिहावं, कारण पुढच्या वेळी तेच आधी आठवणार आहे.

अंतर किती ठेवायचं हे कधीपर्यंत लक्षात ठेवायचं आहे त्यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगात आठवड्याने होणाऱ्या परीक्षेसाठी एका दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं ठरलं, आणि जवळजवळ वर्षाने होणाऱ्या परीक्षेसाठी सुमारे तीन आठवड्यांचं. तेव्हा एकच वेळापत्रक सगळ्याला लावू नये. उजळणीच्या वेळी जुना कागद आधी बघू नये. नव्या कागदावर लिहावं आणि मगच लाल शाईचा कागद शेजारी ठेवावा. तीच चूक परत आली असेल तर तो मुद्दा तोडून लहान प्रश्न करावा: ‘बार्टलेटचा प्रयोग सांगा’ ऐवजी ‘कनूचं काय झालं?’

ही रीत जिथे मूळ पान आहे तिथेच चालते. आयुष्यातल्या प्रसंगांना मूळ पान नसतं, आणि लॉफ्टसच्या कामाचा खरा व्यवहार तिथे आहे. एखादी घटना पुढे नेमकी सांगावी लागेल असं वाटलं तर दुसऱ्या कोणाशी बोलण्याआधी, बातमी वाचण्याआधी, फोटो पाहण्याआधी आपल्याला जे आठवतं ते लिहून काढावं. वर तारीख आणि वेळ टाकावी. स्वतः पाहिलेलं आणि अंदाजाने जोडलेलं वेगवेगळ्या ओळींत ठेवावं. नंतर नवं काही आठवलं तर जुन्या मजकुरात भर घालू नये. ते खाली, नव्या तारखेने लिहावं.