मशीनवर न येणाऱ्या मॅडम

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

"मॅडम, तुम्ही मशीनवर येतच नाही."

एवढंच म्हणाला तो, लाइनवरचा नवा पोरगा. आवाज चढवला नाही, खाली मान घालून म्हणाला. हातात मायक्रोमीटर तसाच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना गरवारे पॉइंटला सिग्नल सुटला तरी मी गाडीवर तशीच बसून, मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

झालं ते आधी लिहून काढते. शाफ्टची बॅच चालू होती. बेअरिंग बसतं त्या जागेचा व्यास इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजेल तसा वाढत जातो, म्हणून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, थोडा थोडा कमी करत न्यायचा. त्याला ०.०२ मिलिमीटर कमी करायचे होते, त्याने ०.२ केले. वीस मायक्रॉनच्या जागी दोनशे. व्यास मोठा राहिला असता तर जॉब, म्हणजे तो नग, पुन्हा चढवून वाचवता आला असता. बारीक झालेला जॉब भंगारातच. असे चौदा गेले. तीन लाल बिनमध्ये होते. बाकीचे अकरा त्याने ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात कॉटन वेस्टखाली लपवले होते.

चौदा जॉब गेल्याचं मी सोसलं असतं. लपवलेले दिसले आणि माझा तोल गेला. सगळ्या लाइनसमोर मी म्हणाले, "डोकं घरी ठेवून येतोस का रे?"

हे वाक्य माझं नाही. सातपूरच्या साहेबांचं आहे. शब्द तेच, शेवटचा 'का' ओढायची तऱ्हाही तीच. तिथून निघाल्याला अकरा वर्षं झाली, या अकरा वर्षांत मी ते कुणालाही म्हटलं नव्हतं. आज एवढं सहज आलं की कितीतरी दिवस तोंडातच घोळत होतं असं वाटावं.

जेवण गेलं नाही. आईने विचारलं, तिला काही सांगितलं नाही. माळ्यावरून सातपूरच्या दिवसांतली वही काढली. मागच्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय, 'मी साहेब झाले की'. खाली किती काय काय! चूक झाली तर बाजूला बोलावून सांगेन. दुसऱ्याचं काम ऑडिटच्या दिवशी माझं म्हणून दाखवणार नाही. सुटी मागणाऱ्याला घरच्यांची चौकशी करून रडवणार नाही. आणि दोनदा अधोरेखित केलेलं: कुणाच्याही पाठीमागे उभी राहणार नाही.

साहेब उभे राहायचे. हात पाठीमागे बांधून, अगदी खांद्याशी. मी मोजायला लागले की हात थरथरायचा, माप एकदा एक यायचं, दुसऱ्यांदा वेगळंच. त्या दिवसांत मीही एक जॉब डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला होता. आयटीआय सिग्नलपर्यंत पोटात गोळा होता. हे कुणालाच माहीत नाही.

म्हणून मी पोरांना जपलं. खरंच जपलं. कुणाच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले नाही. पहिला जॉब पास केला की केबिनमध्ये परत. याला मी विश्वास म्हणत होते. सात वर्षं एवढं सांभाळून वागले, कुणाला ओरडले नाही, आणि वाट्याला काय आलं, तर 'तुम्ही येतच नाही'. संध्याकाळी रडायलाच आलं होतं. दिवाळीला यांचा बोनस वेळेवर व्हावा म्हणून मी कुणाकुणाशी भांडले ते यांना ठाऊक तरी आहे का? जाऊ दे. तो विषय वेगळा आहे.

पण वही पुन्हा वाचली. तिच्यात एकही ओळ अशी नाही की मी अमुक शिकवीन. सगळ्या ओळी साहेबांबद्दल. ते जिथे उभे राहायचे तिथे मी उभी राहिले नाही, आणि ती जागा रिकामीच राहिली. हा पोरगा अप्रेंटिसशिप संपवून लाइनला येऊन तीन आठवडे झालेत. दुसऱ्या पाळीला नव्या सेटिंगवर एकटा. त्याला तो विश्वास वाटला असेल की टाकून दिल्यासारखं वाटलं असेल?

आणखी एक गोष्ट वहीत नाही. इन्सर्ट संपत आला की कटिंगचा आवाज बदलतो, हे मला साहेबांनीच शिकवलं. पाठीमागून, खेकसून, पण शिकवलं. "ऐक. आता ऐक." आजही मी डोळे मिटून सांगू शकते कुठल्या मशीनवरचा इन्सर्ट बदलायला झालाय. मी हे कुणाला शिकवलेलं नाही.

मागच्या वर्षी या पोरांना पोका-योके मीच शिकवलं होतं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी आधी त्याला बाका-योके म्हटलं होतं. बाका म्हणजे मूर्ख; मूर्खाच्या हातूनही चूक होऊ नये अशी सोय. १९६०च्या दशकात एका कामगार बाईला तो शब्द फार लागला, ती रडली, म्हणून त्यांनी नाव बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. हे सांगताना माझा आवाज भरून आला होता, तो पोरगा पहिल्या रांगेत होता. मशीनच्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर असतो, एका वेळी किती ऑफसेट घेऊ द्यायचा याची मर्यादा बसवता येते. बसवली असती तर मशीनने ०.२ घेतलंच नसतं. ते काम माझं होतं. मी केलं नाही आणि त्याच्या डोक्याचा उद्धार केला.

नऊच्या सुमाराला अण्णांना फोन केला. सगळं नाही सांगितलं. त्यांना विचारलं, छाटणीला नवा माणूस आला की तुम्ही काय करायचात? ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे द्राक्षांचं पीक धरायच्या छाटणीला, पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या यायच्या, त्यात दरवेळी एखादा कोवळा पोरगा असायचाच. अण्णा म्हणाले, "पहिलं झाड मी छाटायचो, त्याला दाखवत. पुढची दोन त्याने, मी शेजारी. काडी कुठल्या डोळ्यावर कापायची ते तिथंच कळतं. मग निघून जायचो. चहाच्या वेळेला परत एक चक्कर." मी म्हटलं, आणि चुकीचा डोळा कापला तर? "मग काय, वर्षाचं पीक गेलं त्या काडीचं. म्हणून तर शेजारी थांबायचं." मग जरा थांबून म्हणाले, "कोण चुकलं?"

मी म्हटलं, मी.

शेजारी आणि पाठीमागे. एवढ्या वर्षांत मला या दोन जागा वेगळ्या दिसल्याच नाहीत. साहेबांना अजून माफ केलेलं नाही, बहुतेक करणारही नाही. पण वहीतली ती दोनदा अधोरेखित ओळ खोडावी की नाही, हे मघापासून ठरत नाहीये. पेन हातात आहे.

निघताना मी त्याला "उद्या ये" म्हणाले होते. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पाळी साडेतीनची. मी तीनलाच त्याच्या मशीनपाशी जाऊन थांबणार आहे, मेंटेनन्सवाल्याला पॅरामीटरसाठी बोलावलंय. लाइनसमोर बोलले होते, तर माफीही लाइनसमोरच मागायला हवी.

बाहेर पाऊस वाढलाय. तो गिरणाऱ्याहून मोटरसायकलवर येतो.