ऑफसाइट प्रत, तिसरा महिना: नऊ दिवस सगळं गप्प

मागच्या नोंदीत या ऑफसाइट प्रतीबद्दल, म्हणजे घराबाहेर ठेवलेल्या बॅकअपबद्दल, "आता याला हात लावायची गरज नाही" असं ठोकून दिलं होतं. शब्द मागे घेतो.

मांडणी तीच. घरी मुख्य बॅकअप सर्व्हर, मित्राच्या घरी कपाटात एक जुनी छोटी मशीन, मध्ये वायरगार्ड (दोन घरांना इंटरनेटवरून जोडणारा सुरक्षित टनेल), दोन्हीकडे झेडएफएस ही फाइल सिस्टिम. ती डेटाची त्या क्षणाची अवस्था 'स्नॅपशॉट' म्हणून गोठवून ठेवते आणि दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढाच पाठवू शकते. पहिली २.३ टेराबाइटची प्रत ती मशीन घरीच ठेवून गिगाबिट लॅनवर भरली, सहा तास लागले. माझ्या ४० एमबीपीएस अपलोडवरून तेच पाच दिवसांच्या वर गेलं असतं. आता रोज रात्री तिकडची मशीन इकडून तीन-चार जीबीचा फरक ओढून घेते. इकडून ढकलायचं नाही, यावर मी ठाम आहे. घरच्या सर्व्हरमध्ये कोणी घुसलंच, तर तिकडचा पासवर्ड त्याला तिथे सापडता कामा नये. ओढणाऱ्या युजरलाही 'झेडएफएस अलाउ' या परवानग्यांच्या कमांडने फक्त सेंडची (पाठवायची) परवानगी दिलीय, डिस्ट्रॉयची (पुसायची) नाही.

तर झालं असं, की मित्राकडचा राउटर बदलला आणि टनेल पडला. माझी स्क्रिप्ट अपयशी झाली की लॉगमध्ये एक ओळ लिहून गप्प बसते. तो लॉग मी नऊ दिवस उघडला नाही. इकडे रोजचे स्नॅपशॉट सातच ठेवतो. दोन्हीकडे असलेला शेवटचा रोजचा स्नॅपशॉट तोवर इकडे छाटला गेला होता, आणि इन्क्रिमेंटल सेंडला, म्हणजे फक्त फरक पाठवायला, पायाच उरला नाही. पुन्हा २.३ टेराबाइट पाठवायचे या कल्पनेनेच घाम फुटला. वाचलो ते मासिक स्नॅपशॉटमुळे, तो दोन्हीकडे शाबूत होता. तिकडे डेटा तिथपर्यंत मागे नेला (रोलबॅक), पुढचे रोजचे स्नॅपशॉट त्यात गेले, पण काम ७० जीबीवर आणि चार तासांवर निभावलं. मध्ये एकदा लाइन तुटली. रिसीव्हला (तिकडे डेटा घेणाऱ्या कमांडला) रिझ्यूमचा पर्याय दिलेला होता, म्हणून टोकन (कुठवर आलं त्याची खूण) घेऊन तिथूनच पुढे सुरू झालं.

आता प्रत्येक यशस्वी फेरीनंतर इकडे त्या स्नॅपशॉटचा बुकमार्क बनतो. बुकमार्क डेटा धरून ठेवत नाही, फक्त वेळेची खूण ठेवतो. त्यामुळे जागा जवळपास शून्य, आणि मूळ स्नॅपशॉट छाटला तरी इन्क्रिमेंटलचा पाया टिकतो. एकच अडचण: बुकमार्कपासून मधले सगळे स्नॅपशॉट एकत्र पाठवता येत नाहीत, आधी एकाच स्नॅपशॉटपर्यंत एकेरी उडी मारावी लागते. सिंकॉइड हे अशा प्रती पाठवणारं तयार साधन वापरणाऱ्यांना हे झंझट कमी, ते आपला स्नॅपशॉट स्वतःच जपून ठेवतं. मला स्वतःची स्क्रिप्ट लिहायची खाज, दुसरं काय.

तिकडून फाइल परत आणून बघितली तेव्हा आणखी एक गंमत कळली. डेटा एन्क्रिप्टेड आहे आणि रॉ सेंडने, म्हणजे न उलगडता तसाच, जातो, म्हणजे मित्राकडे किल्ली नाहीच. स्क्रब (डिस्कवरचा डेटा खराब झालाय का याची तपासणी) किल्लीशिवायही चालतं, म्हणून महिनाभर सगळं हिरवं दिसत होतं. पण किल्लीची फाइल फक्त घरच्या सर्व्हरवर होती! तोच सर्व्हर जळाला असता, तर तिकडचे २.३ टेराबाइट घेऊन काय करणार होतो? किल्ली आता कागदावर छापून तिसऱ्या जागी ठेवलीय. त्या कागदावरून हाताने टाइप करून डेटासेट (झेडएफएसमधला डेटाचा कप्पा) उघडूनही बघितला; दुसऱ्या प्रयत्नात उघडला, पहिल्यांदा शून्य आणि 'ओ'चा घोळ झाला होता.

सध्या तिकडच्या सर्वांत ताज्या स्नॅपशॉटचं वय तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहितोय. ३६ तासांच्या वर गेलं की फोनवर बोंब मारेल. ती चालवायची कुठे, हाच सध्या वाद आहे: मी म्हणतो तिसऱ्या मशीनवर, मित्र म्हणतो त्याच्या राउटरवर.