घरात कोणीच नाही, असं समजून

आज अर्धी सुट्टी एका जुन्या बगपायी गेली. वाया म्हणवत नाही.

उबुंटू २०.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची एकही अपडेट न घेतलेली प्रत व्हर्च्युअल मशिनवर (म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकावर) चढवली. सुरक्षा संशोधक केव्हिन बॅकहाउस यांनी २०२० मध्ये शोधलेली लॉगिनची गडबड स्वतःच्या हातांनी करून बघायची होती. साधा युजर, अॅडमिनचे हक्क शून्य. होम फोल्डरमधल्या एका सेटिंगच्या फाइलऐवजी कधीच न संपणाऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक ठेवायची. खात्यांचा हिशेब ठेवणारा, पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम, म्हणजे अकाउंट्स डेमन, ती वाचत बसतो, वाचतच बसतो. त्यात तो रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार तात्पुरते खाली ठेवून त्या साध्या युजरच्याच नावाने वावरत असतो (हे म्हणे सुरक्षिततेसाठी!), म्हणून साध्या युजरलाही त्याला पाडता येतं. लॉगआउट केलं की लॉगिन स्क्रीन सांभाळणारा जीडीएम विचारतो, खाती किती? उत्तर येत नाही. आणि हा गडी धरून चालतो की खातं एकही नाही, मशिन नवंकोरं आहे!

मग समोर 'स्वागत आहे, नवीन खातं बनवा'. ते खातं थेट अॅडमिन.

मेमरीची उलथापालथ नाही, अवघड कोड नाही. मी खुर्चीतच हसलो. डेमनची आणि जीडीएमची, दोन्ही चुका २०२० मध्येच दुरुस्त झाल्या, तरी कामाच्या मशिनवर अपडेट दोनदा तपासले.