क्रिंपची कटकट

काल पुन्हा तेच. वापरलेली काडतुसं मी पुन्हा भरतो. ५.५६ मिमी रायफलीची लष्करी पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच. त्यात नवा प्रायमर (बारूद पेटवणारी तळातली छोटी टोपी) बसवायला घेतला आणि प्रेसचं हँडल अर्ध्यातच अडलं. मी जोर लावला नाही. पूर्वी एकदा लावला होता. प्रायमर चेपून तिरका बसला आणि मी दोन मिनिटं श्वास रोखून उभा. नशीब, फुटला नाही. तेव्हापासून चष्म्याशिवाय प्रेसजवळ जात नाही.

स्वयंचलित बंदुकीत प्रायमर मागे सरकू नये म्हणून कारखान्यात पॉकेटची, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्याची, कड आत दाबलेली असते. तोच हा क्रिंप. नखाने चाचपलं तरी कड लागते. तळावर वर्तुळातला क्रॉस, म्हणजे नाटोची खूण दिसली, की मी ती केस आधीच बाजूला काढतो.

क्रिंप काढायला दोन अवजारं: स्वेजर धातू मागे दाबतो, रीमर तो कापतो. रीमरने काम भराभर होतं, पण हात जड पडला की पॉकेट सैल, केस भंगारात. माझ्या अशा सात गेल्या. आता दोन-तीन हलके फेरे, कडेला चकचकीत बारीक उतार दिसला की थांबायचं. एका केसला हे एकदाच करावं लागतं, तेवढंच सुख.

डब्यात अजून तीनशे पडल्यात. अंगठा आत्ताच दुखतोय.