लोकेशन मित्राच्या घरी दाखवत होतं

मी परिविक्षा अधिकारी आहे. ऑफिसात प्रोबेशन ऑफिसर, वस्तीत 'रिमांड होमवाल्या मॅडम'. अठराच्या आतल्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे आणायचं आणि तिथून पंधरा दिवसांत मी त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, म्हणजे घरी जा, शाळेत जा, शेजाऱ्यांशी बोला आणि फॉर्म ६ भरा.

केस पुण्यातली. नाव-गल्ली सांगणार नाही, कायद्यानेच मनाई आहे, शिवाय ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलगा सोळाचा, अकरावी अर्धवट सोडलेला. रात्री एक वाजता तिघांबरोबर कोयता घेऊन निघाला आणि नऊ गाड्यांच्या काचा फोडल्या. त्यातली एक रिक्षा रात्रपाळीवाल्याची, त्याचं पोट तिच्यावरच, त्या माणसाचा चेहरा मी विसरलेले नाही. लोक लगेच म्हणतात मोठ्यांसारखी केस चालवा. पण त्यासाठी मुलाला सोळा पूर्ण हवीत आणि गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा हवा. काचा फोडणं त्यात बसत नाही, हे शंभरदा सांगून झालंय.

पोलिसांकडून आलेल्या माहितीत कारण लिहिलेलं 'वाईट संगत, पालकांचे दुर्लक्ष'. दहातल्या आठ केसेसमध्ये हेच, शब्दन् शब्द तेच. घरात पाय न ठेवता लिहिलेलं असतं हे, आणि त्यावर मुलाचं वर्षभराचं भवितव्य ठरू शकतं. मला याचा खरंच संताप येतो. पण खरं सांगायचं तर मीही कितीतरी अहवालांत तेच वाक्य उतरवलंय, हातात तीसेक केसेस असल्या की उतरवलं जातं.

मग घरी गेले. पत्र्याची एकच खोली. वडील मार्केटयार्डात टेम्पोवर, पहाटे तीनला घर सोडणारे. आई सोसायटीत हाऊसकीपिंगला. मी बसल्या बसल्या तिने मोबाईल पुढे केला आणि मला कॉल लिस्ट दाखवली. त्या रात्री नऊ ते साडेबारा पोराला चौदा कॉल. "मॅडम, दुर्लक्ष म्हणतात ना, हे बघा." लोकेशनसुद्धा चालू ठेवायला लावलं होतं तिने. ठिपका मित्राच्या घरी दाखवत होता म्हणून ती निर्धास्त झोपली. पोराने फोन मित्राच्या घरी चार्जिंगला लावला होता आणि स्वतः तिसऱ्याच गल्लीत होता.

फॉर्ममध्ये घरातल्या शिस्तीबद्दल आणि त्यावर मुलाच्या प्रतिक्रियेबद्दल लिहायचं असतं. बहुतेक जण तिथे 'शिस्त नाही' लिहून मोकळे होतात. मी निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे, मुलाशी दोन वेळा बोलले, दुसऱ्या वेळी तो पहिल्यांदा नीट बोलला. सातवीत असताना सहलीचे तीनशे रुपये मॅचच्या पैजेत हरला होता. घरी येऊन स्वतःच सांगितलं. वडिलांनी बेल्टने मारलं, आईने दुसऱ्या दिवशी गुपचूप पाचशे हातात दिले. "खोटं बोललो असतो ना मॅडम, तर वाचलो असतो. मग घरी कायच सांगायचं बंद केलं." एवढं सहज म्हणाला की मला पुढचा प्रश्नच सुचेना.

ट्रेनिंगमध्ये एकदा ऐकलं होतं, स्टॅटिन आणि केर यांचं स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवरचं २००० सालचं काम. आईबापांना मुलाबद्दल जे ठाऊक असतं ते पाळत ठेवून कमी आणि मुलगा आपणहून सांगतो म्हणून जास्त ठाऊक असतं, असं त्यातून निघालं. तेव्हा वहीत उतरवलं आणि विसरले. त्या खोलीत बसल्यावर आठवलं, कारण इथे पाळत भरपूर होती आणि सांगणं पाच वर्षांपूर्वीच थांबलं होतं. आता प्रत्येक मार खाणारा पोरगा कोयता घेत नाही हेही मला माहीत आहे, याच घरातली मोठी बहीण नर्सिंगला आहे. पण संगत का लागली, एवढा प्रश्न तरी आपण विचारायला हवा, ती लागली तेव्हा घरात सांगायला कुणी होतं का?

निघताना वडील दारापर्यंत आले. दारामागे खिळ्याला तो बेल्ट अजून तसाच. मुलगा आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे. म्हणाले, "मॅडम, मारलं म्हणून बिघडला का कमी मारलं म्हणून, तेवढं एकदा सांगा." चिडून नाही, अगदी मनापासून विचारलं. तीन तास झोपणारा माणूस. मी म्हटलं, सांगितल्यावर मारलं हे चुकलं. ते नुसतेच खाली बघत राहिले.

अहवालात 'दुर्लक्ष' खोडून पावणेदोन पानं लिहिली, पालकांचं समुपदेशन मागितलं. मंडळाने मुलाला जामिनावर सोडून माझ्या देखरेखीखाली ठेवलंय.

परवा रात्री साडेअकराला वडिलांचा फोन. "पोरगं आत्ता आलंय, कुठे गेलो होतो ते स्वतःहून सांगतोय, त्याच पोरांकडे गेला होता. काय करू?" मी म्हटलं, आधी पूर्ण ऐकून घ्या, मधे बोलू नका, हात तर अजिबात उगारू नका. "हां" म्हणाले आणि फोन कट झाला. तेव्हापासून उचलत नाहीयेत. उद्या सकाळी आधी तिकडेच जाणार आहे.